फ्रिजच्या दारातली बाटली

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात, जाळ्यांत नवी खस भरली जाते आणि त्याच सुमारास पोरं डोळे चोळायला लागतात. आठ-दहा वर्षांचा मुलगा शाळेतून येतो तोच लालभडक डोळे घेऊन. सकाळी पापणीच्या कोपऱ्यातून चिकट, दोरीसारखा चिपडाचा धागा निघतो. मग आजी फ्रिज उघडते. दारात, लोणच्याच्या बरणीमागे, आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली असते. "यायच्या डोळ्याले फरक पडला होता न, टाक दोन थेंब." थेंब पडतात. संध्याकाळपर्यंत खाज गेलेली असते, आणि पुढचे तीन उन्हाळे ही बाटली (संपली की तशीच दुसरी, मेडिकलमधून नाव सांगून आणलेली) घरची दवाई होऊन बसते.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा लागतो. ब्रँडचं नाव मोठं. त्याखाली बारीक अक्षरांत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के. त्याच्याही खाली डेक्सामिथासोन ०.१ टक्के. पहिलं अँटिबायोटिक, दुसरं स्टेरॉइड. घरात मात्र सगळे तिला "अँटिबायोटिकचे थेंब" म्हणतात. त्यामुळे उद्या त्या मुलाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, तर नाव कोणाचं येणार हे उघड आहे.

"अँटिबायोटिकनं डोळे जातात म्हणे," हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. त्याला थोडा इतिहासही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक शोधनिबंध आला. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ज्या कुळातलं आहे, त्या फ्लोरोक्विनोलोन गोळ्या घेणाऱ्यांमध्ये डोळ्याचा पडदा सरकण्याचं प्रमाण साडेचार पट दिसलं. बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या संशोधकांनी लाखो नोंदी चाळल्या, तेव्हा तसा संबंध सापडला नाही. हे भांडण पडद्याचं होतं, मोतीबिंदूचं नव्हे. पण अशी बातमी वाचताना काय विचारावं ते त्यातून कळतं: औषध घेणाऱ्या माणसाबरोबर आणखी काय काय चालत आलंय? आपल्या बाटलीत तर जे चालत आलंय ते त्याच द्रावणात विरघळलेलं आहे.

स्टेरॉइड आणि मोतीबिंदू यांचं नातं मात्र जुनं आणि पक्कं आहे. १९६० साली अमेरिकेत, संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांमध्ये ते पहिल्यांदा नोंदलं गेलं. डोळ्यात टाकायच्या थेंबांनीही तेच होतं, हे त्यानंतर लक्षात आलं.

आपल्या डोळ्यातलं भिंग ही अजब वस्तू आहे. त्यात रक्तवाहिनी नाही. आतले तंतू पारदर्शक राहावेत म्हणून आपलं केंद्रकच टाकून देतात, आणि त्यांच्यातली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं जन्मभर बदलली जात नाहीत. जिवंत पेशींचा थर असतो तो फक्त पुढच्या बाजूला. स्टेरॉइडमुळे होणाऱ्या मोतीबिंदूत मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, एरवी तिथे नसणाऱ्या पेशी जमलेल्या दिसतात. म्हातारपणीचा मोतीबिंदू बहुधा गाभ्यातून पिवळट होत जातो. हा मात्र मागच्या भिंतीला लागलेल्या बुरशीच्या डागासारखा असतो.

जागा मधली असल्यानं त्याची लक्षणंही उफराटी. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, बाहुली आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि नजर नेमकी त्या डागातूनच जाते. अंधारात बाहुली मोठी झाली की कडेनं उजेड शिरतो. म्हणजे सीताबर्डीच्या रस्त्यावर दुपारी दोनला या पोराला समोरची स्कूटर धूसर दिसते, आणि दिवेलागणीला हाच पोरगा अंगणात चेंडू नीट झेलतो. घरचे म्हणतात, नाटकं करून राहिला. फळ्याजवळ बसवा म्हणून मास्तरांना चिठ्ठी जाते. डोळा दुखत नाही, लाल नाही. लाली तर स्टेरॉइडनंच घालवलेली असते.

त्याहून वाईट म्हणजे काचबिंदू. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे टाकले, तर दर तिघांतल्या साधारण एकाच्या डोळ्यातला दाब कमी-अधिक वाढतो. काहींचा फारच वाढतो. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवता येतं, पण दाबानं मेलेली नस परत येत नाही.

आता ज्याचं नाव बदनाम होतं, त्या मॉक्सिफ्लॉक्सॅसिनबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला खरी धास्ती असते ती डोळ्याच्या आत पू होण्याची. जंतू बहुतेकदा रुग्णाच्याच पापणीवरचे असतात. रक्तातून औषध डोळ्याच्या आत पुरेसं पोचत नाही, म्हणून ऑपरेशन संपताना अँटिबायोटिकचा एक बारीकसा डोस थेट आतच सोडतात. युरोपात १६,६०३ रुग्णांवर सेफ्युरॉक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकचा असा प्रयोग झाला. औषध न मिळालेल्यांमध्ये पू होण्याचं प्रमाण सुमारे पाचपट निघालं, आणि २००६ साली प्रयोग मध्येच थांबवून तसं जाहीर करावं लागलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरलं. सहा लाखांवर डोळ्यांचा हिशेब २०१७ साली छापून आला: प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ वर. तुलना आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची होती, चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, हे खरं. पण एवढ्या आकड्यापुढे मला तरी हुज्जत घालवत नाही.

आजोबांना ती जोड-बाटली दिली तेही बरोबरच होतं. ऑपरेशननंतर सूज उतरवायला स्टेरॉइड लागतंच, आणि ते काही आठवडेच असतं, हळूहळू कमी करत. चुकलं ते नातवाच्या बाबतीत. त्याला जंतुसंसर्ग नव्हताच. उन्हाळ्यात उचल खाणारी, बहुधा मुलग्यांना होणारी डोळ्यांची ॲलर्जी होती ती. तिला गार पाण्याच्या घड्या, ॲलर्जीविरोधी थेंब, आणि स्टेरॉइड लागलंच तर डॉक्टरच्या नजरेखाली, मोजून आणि डोळ्याचा दाब तपासत.

हे लिहिता लिहिता उठून आमचा फ्रिज उघडला. दारात एक बाटली निघालीच. उघडल्यापासून महिनाभरात फेकायची होती, पण कधी उघडली ते घरात कोणालाच सांगता येईना.