डच भाषेतलं 'द' आणि 'हेट': सगळंच पाठ करावं लागत नाही

डच शिकणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं की नामाआधी 'द' लावायचं की 'हेट' (दोन्ही इंग्रजी 'the'सारखी उपपदं), याला काही नियमच नाही, शब्द पाठ करत बसा. हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी चांगले शिकणारेही धीर सोडतात, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात पक्का नियम: अनेकवचनाला नेहमी 'द'. एकवचनात 'हेट हाउस' (घर), पण घरं झाली की 'द हाउझन'. उलट, लहानपणा दाखवणारा 'त्ये' किंवा 'ये' प्रत्यय लागला की एकवचनात शब्द 'हेट'चाच. म्हणून 'द टाफल' (टेबल), पण छोटं टेबल 'हेट टाफल्त्ये'. मुलीसाठीचा 'मैश्ये' हा शब्दही याच प्रत्ययामुळे 'हेट' घेतो. 'हैट', 'टैट' प्रत्ययांची भाववाचक नामं 'द'ची, उदाहरणार्थ 'द व्रैहैट' म्हणजे स्वातंत्र्य. धातूचं नाम केलं किंवा भाषेचं नाव आलं की 'हेट'. जोडशब्दात शेवटचा शब्द ठरवतो.

मराठी माणसाला तर तीन लिंगांची सवय असते. डचमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग 'द'मध्ये एकत्र झाली, नपुंसक 'हेट'मध्ये राहिलं. फक्त मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. आपलं पुस्तक नपुंसक, डच 'बूक'ही नपुंसक, पण टेबल जुळत नाही.

घर, टेबल यांसारखे साधे, रोजचे शब्द मात्र पाठच करावे लागतात. ते 'द' किंवा 'हेट'सकटच करा, कारण विशेषणही त्यावरच बदलतं: 'एन क्लैन हाउस' (एक छोटं घर), पण 'एन क्लैनं टाफल' (एक छोटं टेबल).