ऑर्फिओ टूलबॉक्स आणि खानदेशातील केळीची नकाशे-आखणी

ऑर्फिओ टूलबॉक्स ही उपग्रह-प्रतिमांवर प्रक्रिया करणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे. फ्रान्सची अंतराळ संस्था क्नेस हिने तिचे काम २००६ मध्ये सुरू केले. प्लेआद हे फ्रेंच आणि कॉस्मो-स्कायमेड हे इटालियन उपग्रह ज्या संयुक्त कार्यक्रमात होते, त्याच्या नावावरून हिचे नाव आले. प्रणाली सी++ भाषेत लिहिलेली असून अपाची २.० परवान्यामुळे ती कोणालाही विनामूल्य वापरता, तपासता आणि बदलता येते. क्यूजीआयएस ही नकाशा-प्रणाली किंवा पायथन ही संगणकभाषा यांमधूनही ती चालवता येते.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेच्या एका चौकटीत १० मीटर तपशिलाच्या एका रंगपट्ट्याचे (म्हणजे प्रकाशाच्या एका भागात टिपलेल्या प्रतिमेचे) १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे सुमारे १२ कोटी बिंदू असतात. ही प्रणाली सगळी प्रतिमा एकदम स्मृतीत न घेता तुकड्यातुकड्याने वाचते, त्यामुळे साध्या संगणकावरही असे काम होऊ शकते. मोठी यंत्रणा हाताशी नसलेल्या अभ्यासकाला तिचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, केळीचा नकाशा काढण्याच्या अशा प्रक्रियेला पीकपद्धतीची मोठी साथ मिळते. एप्रिल-मे महिन्यांत आभाळ निरभ्र असते आणि कोरडवाहू कपाशीची काळी रानं उघडी पडलेली असतात. त्याच वेळी रावेर-यावल भागातील कांदेबाग, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी, भर पानोऱ्यात उभी असते, त्यामुळे ती प्रतिमेत ठळक दिसते. लिंबू आणि उसाची हिरवाई मात्र केळीत मिसळू शकते, म्हणून कोणता बिंदू कोणत्या पिकाचा हे ठरवणाऱ्या वर्गीकरणाला शिकवण्यासाठी शेतात प्रत्यक्ष जाऊन घेतलेले नमुने लागतातच. जून-जुलैत लावलेली मृगबाग ओळखणे अधिक कठीण असते, कारण तेव्हा रोपे लहान असतात, शेजारी कपाशी वाढत असते आणि ढगही आड येतात. अशा वेळी ढगांतून पार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमांची मदत होते.

या प्रणालीची नवी आवृत्ती आली की तिच्या क्रमांकाचा पहिला अंक आधी पाहावा. तो बदलला असेल, तर जुन्या आज्ञा जशाच्या तशा चालतील असे धरून चालत नाही. आठव्या मालिकेत ऑसिम या तयार आज्ञासंचावरील (लायब्ररीवरील) अवलंबन काढून टाकण्यात आले, हा अशाच खोलवरच्या बदलाचा दाखला आहे.

विदेतही, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या डेटातही, असे बदल होतात. जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रक्रिया-पद्धतीत प्रत्येक मूल्यात १,००० मिळवलेले असतात, आणि वापरण्यापूर्वी ते वजा करावे लागतात. समजा, एखाद्या केळीबागेच्या बिंदूवर निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या प्रकाशाच्या) पट्ट्याचे मूल्य ५,००० आणि लाल पट्ट्याचे १,५०० आहे. वजाबाकी केली तर ४,००० आणि ५०० उरतात आणि हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागून येणारा आकडा, ०.७८ निघतो; वजाबाकी राहून गेली तर तोच आकडा ०.५४ होतो. बाग तीच असते, पण नकाशावर ती विरळ दिसते, आणि २०२१ च्या प्रतिमेशी तुलना करणारा पिकाचे नुकसान झाले असे मानून बसतो.

म्हणून आवृत्ती बदलताना एका तालुक्याचा जुना नकाशा त्याच प्रतिमेवरून नव्याने काढावा आणि दोन्ही एकमेकांतून वजा करावेत. शून्याखेरीज काही उरलेच, तर ते बिंदू कोणत्या गावांच्या शिवारात पडतात हे पाहूनच पुढचे काम हाती घ्यावे.