लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रिया : सुरक्षितता व दुष्परिणाम

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसरने कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, वक्रता बदलणाऱ्या शस्त्रक्रियांचा गट. लॅसिक, पीआरके आणि स्माइल या त्यांतील प्रचलित पद्धती. मोतीबिंदू काढला नाही तर दृष्टी जाते. नंबर काढला नाही तर चष्मा राहतो, एवढेच. डोळा मुळात निरोगी असल्यामुळे येथे किती धोका पत्करायचा याचे माप वेगळे असते. जाहिरातींत भर यंत्राच्या नव्या आवृत्तीवर असला, तरी निकाल बहुतांशी त्याआधीच्या तपासणीत, म्हणजे कोणता डोळा शस्त्रक्रियेसाठी निवडला आणि कोणता परत पाठवला यावर, ठरतो.

या शस्त्रक्रियांचा पाया असलेला एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडतो. आजूबाजूचा भाग न भाजता तो ऊतीचा अतिशय पातळ थर उडवून देतो. हा गुण मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि आयबीएममधील त्यांचे सहकारी यांच्या लक्षात १९८१ मध्ये आला, तोही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर प्रयोग करताना. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासह कॉर्नियावरील प्रयोग प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीआरकेला मान्यता दिली. पीआरकेमध्ये कॉर्नियाची वरची त्वचा काढून थेट लेसर मारतात. लॅसिकमध्ये आधी एक पातळ पापुद्रा कापून उचलतात, खालचा भाग घडवतात आणि पापुद्रा परत बसवतात.

उडवलेली ऊती परत येत नाही. कॉर्नियाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लघुदृष्टीचा एक नंबर काढायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. पापुद्रा ११० मायक्रॉनचा धरला, तर उणे ५ नंबरच्या सरासरी डोळ्यात त्याखाली सुमारे ३६० मायक्रॉनचा थर उरतो. तोच नंबर उणे ८ आणि कॉर्निया ४८० मायक्रॉनचा असेल, तर जेमतेम २५० ते २७५ उरतात. किमान २५० मायक्रॉन शिल्लक हवेत, हा जुना नियम हा डोळा कसाबसा पाळतो. पण पापुद्र्यासह एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भागाला हात लावू नये, या नंतर आलेल्या निकषावर तो स्पष्ट नापास होतो. ‘तुमची जाडी पुरेशी आहे’ हे वाक्य कोणत्या मापाने म्हटले आहे, हे म्हणूनच विचारावे.

जाडी हे एकच परिमाण नव्हे. कॉर्निया आतून कमकुवत असेल तर शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तो पुढे फुगू लागतो आणि दृष्टी वेडीवाकडी होते. एक्टेशिया नावाची ही गुंतागुंत क्वचित होते, पण तीच सर्वांत गंभीर मानली जाते. तिचे मूळ पुष्कळदा केराटोकोनस या, कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या, विकाराच्या लपलेल्या, सुरुवातीच्या अवस्थेत असते. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील लोकांच्या पाहणीत २.३ टक्के लोकांच्या कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर (वक्रतेचे एकक) किंवा अधिक आढळली. केराटोकोनस ओळखण्याचा हा निकष ढोबळ आहे आणि त्यावरून प्रत्यक्ष रुग्णसंख्या सांगता येत नाही. तरीही आपल्याकडे कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय लेसरकडे जाऊ नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. डोळे जोरात चोळण्याची सवय, घरात कुणाला केराटोकोनस आणि दरवर्षी बदलणारा नंबर या गोष्टी रुग्णाने न विचारताही सांगाव्यात. तपासणीआधी काही दिवस, कडक लेन्स असल्यास काही आठवडे, कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवावी लागते, कारण तिच्या दाबाने नकाशा फसवा येतो. एक्टेशिया झालाच तर रायबोफ्लेविन व अतिनील-अ किरणांचा उपचार तो बहुधा थोपवतो. गेलेला आकार पूर्ववत करत नाही.

सर्वाधिक आढळणारा त्रास मात्र डोळे कोरडे पडण्याचा. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, संवेदना घटते आणि त्याबरोबर पापणी लवणे व अश्रू येणेही कमी होते. बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात हे सुधारते. थोड्यांना कायम थेंब लागतात. फार क्वचित तुटलेल्या नसांतून तीव्र वेदना सुरू होतात. तपासताना डोळा स्वच्छ दिसत असल्याने असा रुग्ण ‘काही झालेले नाही’ हे ऐकून अनेक दवाखाने फिरतो.

रात्री दिव्यांभोवती वलये, किरणांचे फाटे, प्रतिमेला सावली ही दुसरी तक्रार. लॅसिक झालेल्यांच्या अमेरिकेतील प्राउल या दोन पाहण्यांचे (२०१७) निष्कर्ष बोलके आहेत. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. त्याच वेळी, आधी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणांना तीन महिन्यांनी निदान एक नवे लक्षण जाणवत होते. त्यामुळे रोजची कामे फार अवघड झाली असे सांगणारे एक टक्क्याहून कमी. उलट, चष्मा असताना दिसणारी वलये शस्त्रक्रियेनंतर गेली, असेही अनेक होते. आणखी एक गोष्ट : लोक डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा प्रश्नावलीत दुपटीहून अधिक प्रमाणात लक्षणे नोंदवत. तक्त्यावर ६/६ वाचणारा माणूस रात्री घाटात गाडी चालवायला बिचकत असेल, तर दवाखान्याच्या नोंदीत तो यशस्वीच ठरतो.

पद्धत बदलली की त्रासाचे रूप बदलते. पीआरकेमध्ये पापुद्रा नसल्याने तो सरकण्याची भीती नाही, पण तीन-चार दिवस चांगलेच दुखते, नजर सावकाश येते आणि मोठ्या नंबरात कॉर्निया धुरकट होऊ शकतो. लॅसिकचा पापुद्रा वर्षांनंतरही जोराच्या माराने हलल्याच्या नोंदी आहेत. स्माइलमध्ये बारीक छेदातून भिंगासारखी चकती काढतात. नसा कमी तुटतात. एक्टेशियाचा धोका मात्र तिथेही संपत नाही.

चाळिशी कोणालाच चुकत नाही. लांबचा चष्मा गेला तरी वाचायचा लागतो. मोठ्या नंबरच्या डोळ्याचे दृष्टिपटल पूर्वीइतकेच नाजूक राहते, त्याची तपासणी सोडू नये. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू निसटू शकतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढतानाही नेहमीचे सूत्र चुकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, वक्रता आणि जाडी यांचे कागद आयुष्यभर जपावेत.

नोकरभरतीसाठी नंबर काढणाऱ्यांनी अधिसूचना आधी वाचावी. सैन्यदलांत काही शाखांना ही शस्त्रक्रिया वय, उलटलेला काळ इत्यादी अटींवर चालते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला चालत नाही.