इन्शुलिन घडते कसे आणि बिघडते कुठे

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने घडवणारे यंत्र, जे प्रथिन गुंफतो, ते इन्शुलिन नसतेच. तयार इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात. रायबोसोमवरची साखळी ११० आम्लांची असते. वरच्या ५९ आम्लांतले एकही फुकट नाही.

काम सुरू होते तेव्हा रायबोसोम पेशीद्रव्यात मोकळाच असतो. साखळीची पहिली २४ आम्ले त्याच्या बोगद्यातून बाहेर डोकावली, की एसआरपी नावाचा कण त्यांना धरतो. गुंफण मंदावते आणि सगळा लवाजमा आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलावर जाऊन टेकतो. तिथल्या सेक-६१ या छिद्रातून साखळी, तयार होता होताच, आत सरकते. जालिकेला खडबडीत करणारे रायबोसोम असे पाहुणे असतात. काम संपले की सुटतात, आणि जनुकाकडून आलेला पुढचा संदेश पेशीद्रव्यातच लागणाऱ्या प्रथिनाचा असेल तर पेशीद्रव्यातच राहतात. प्रथिनाचा पत्ता त्याच्या स्वतःच्या अंगावरच असतो, हे दाखवून देणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

पत्त्याचा तुकडा, म्हणजे ती पहिली २४ आम्ले, आत शिरताच कापला जातो. उरते ८६ आम्लांचे प्रोइन्शुलिन. आता खरे नाजूक काम: त्यातल्या सहा सिस्टीन आम्लांच्या गंधकांमध्ये ठरलेल्या जोड्यांनी तीन बंध पडायला हवेत. पेशीद्रव्यात असे बंध सहसा टिकत नाहीत; जालिकेतले रासायनिक वातावरण त्यांना पोषक असते, शिवाय चुकलेली जोडी सोडवून पुन्हा जुळवणारी विकरेही तिथे असतात. घडी नीट बसली तरच प्रोइन्शुलिन गॉल्जी संकुलाकडे, म्हणजे पेशीच्या बांधणी-पाठवणी विभागाकडे, जाते. पुढे स्रावकणांत मधला ३१ आम्लांचा सी-पेप्टाइड कापून निघतो. तो इन्शुलिनबरोबर समप्रमाणात रक्तात उतरतो. टोचलेल्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. म्हणून रुग्णाचे स्वतःचे इन्शुलिन किती बनते, हे सी-पेप्टाइडच्या तपासणीवरून कळते.

सहापैकी एक सिस्टीन बदलले तर? अकिता जातीच्या उंदरांत ९६ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन येते. त्याचा जोडीदार एकटा पडतो आणि भलत्याच साखळीशी बंध जोडतो. दुसऱ्या जनुकप्रतीवरून बनलेले निर्दोष प्रोइन्शुलिनही या गुंत्यात अडकते. म्हणून एकच सदोष प्रत मधुमेहाला पुरते. जालिकेत कचरा साठला की ती रायबोसोमना आवर घालते, घडी बसवणारी प्रथिने वाढवते, बिघडलेली प्रथिने बाहेर काढून नष्ट करवते. तरीही ताण हटला नाही, तर बीटा पेशी मरते.

माणसातही इन्शुलिन जनुकातल्या अशा बदलांमुळे नवजात बाळांना मधुमेह होतो, हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे पहिल्या ६ महिन्यांत मधुमेह आढळला, तर तो नेहमीचा टाइप-१ समजून थांबू नये. जनुकीय तपासणी करावीच. बीटा पेशीतून इन्शुलिन कधी सुटावे हे ठरवणाऱ्या पोटॅशियम वाहिनीतला दोष निघाला तर बऱ्याच बाळांचे इन्शुलिन बंद करून ही वाहिनी बंद करून इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर भागते. प्रोइन्शुलिनची घडीच चुकत असेल तर या गोळ्या निरुपयोगी ठरतात आणि इन्शुलिनच द्यावे लागते.