घरी रेकॉर्डिंग करायचंय? साउंडकार्ड घेण्याआधी हे वाचा

आमच्या काउंटरवर बहुतेक वेळा एकच मागणी येते, "भाऊ, एक चांगलं साउंडकार्ड दाखवा." डबा काढायच्या आधी आम्ही उलट विचारतो, "एका वेळी किती जण गाणार-वाजवणार? आणि कूलर बंद करता येतो का?" दुसऱ्या प्रश्नावर लोक हसतात. मे महिन्यात नागपुरात राहणारा माणूस मात्र फार वेळ हसत नाही.

इंटरफेसचं काम

माईकमधून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. इंटरफेस, म्हणजे तुम्ही ज्याला साउंडकार्ड म्हणता तो डबा, तो संकेत आधी वाढवतो, मग त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपला देतो, आणि परत येणारा आवाज हेडफोनला पोचवतो. बस. गळ्यात सूर नसेल तर तो यात मिळत नाही. टाळ्यांची, हसण्याची बटणं आणि रंगीत दिवे असलेले स्वस्त डबे मोबाइलवर लाइव्ह जाण्यासाठी असतात. त्यांना साउंडकार्ड म्हणत असले तरी लॅपटॉपवर गाणं वेगवेगळ्या ट्रॅकवर (प्रत्येक माईकची वेगळी पट्टी) घ्यायला ते कामाचे नाहीत. आम्ही ते ठेवतही नाही.

एक माईक की दोन?

एकटेच गात असाल, कविता वाचत असाल किंवा पॉडकास्ट करत असाल, तर एका माईकचा इंटरफेस पुरतो. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला एक माईक आणि सोबत गिटार किंवा कीबोर्डची एक वायर जोडता येते. त्याच कंपनीच्या टू-आय-टूला दोन माईक जोडता येतात. बेहरिंगर कंपनीच्या यूएमसी२०२एचडीलाही दोन जोडता येतात. घरात तबला असेल तर विचार करू नका, दोनाचाच घ्या. डग्गा आणि तबला एका माईकवर घेतले की नंतर डग्गा वर उचलता येत नाही. पेटीवर बसून स्वतःच गाणाऱ्यांचंही तसंच, पेटी गळ्यावर चढते आणि मग दोघं वेगळे होत नाहीत.

इथल्या महाल भागातलं एक भजनी मंडळ आठ माईकचा इंटरफेस मागत आलं होतं. गायक, पेटी, खंजिरी, दोन टाळकरी असा त्यांचा सरंजाम. आम्ही त्यांना दोन माईकवरच दुकानात बसवलं. एक माईक गायकापुढे, एक पेटीपुढे, टाळकरी चार फूट मागे. गाण्यावर गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा तो नॉब) लावला, नॉबभोवतीचं कडं छान हिरवं. तेवढ्यात खंजिरीवर पहिली थाप पडली आणि कडं लालभडक. आवाज फाटला. फाटलेला आवाज पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट शिवता येत नाही. खंजिरीवाल्याला टाळकऱ्यांच्या मागे सरकवलं, गेन थोडा उतरवला आणि काम झालं. मंडळ दोन माईकचा इंटरफेस घेऊन गेलं. आमचा गल्ला थोडा हलका राहिला, पण ते लोक आता केबलही आमच्याकडूनच नेतात.

म्हणून गेन नेहमी सर्वांत मोठ्या आवाजावर लावा. मीटरवरचं टोक उणे १२ डीबीच्या (डेसिबल, शून्यावर आवाज फाटतो) आसपास राहू द्या. २४ बिटवर (सॉफ्टवेअरमधली आवाज बारीक मोजण्याची सेटिंग) रेकॉर्ड करत असाल तर आवाज थोडा लहान आला म्हणून काही बिघडत नाही, तो मागाहून वाढवता येतो.

माईकचा विषय इथेच उरकू

माईक मुख्यतः दोन प्रकारचे, कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे इंटरफेसमधून केबलवाटे जाणारी वीज लागते. त्याचं बटण इंटरफेसवर असतं. ते दाबायचं राहून गेल्यामुळे "माईक बंद आहे" म्हणून परत आलेले ग्राहक आम्हाला दर महिन्याला भेटतात. डायनॅमिक माईकला ही वीज लागत नाही, पण गेन जास्त लागतो. पॉडकास्टमध्ये सगळीकडे दिसणाऱ्या शूर एसएम७बी या माईकला कंपनी स्वतःच किमान ६० डीबी गेन सांगते. टू-आय-टूच्या तिसऱ्या पिढीत तो ५६ डीबीपर्यंत आहे, चौथ्या पिढीत ६९. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर हा फरक आधी बघून घ्या.

आमचं मत विचाराल तर नागपूरच्या साध्या खोलीत पहिला माईक डायनॅमिकच बरा. कंडेन्सर सगळं ऐकतो. कूलरच्या ताट्यांवरून टपकणारं पाणी, पंख्याची कुरकुर, संक्रांतीत गच्चीवरून येणारं "ओ काट" सुद्धा. टेक घेताना कूलर पाच मिनिटं बंद ठेवा आणि आवाज घुमू नये म्हणून कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर बसा. पाठीमागे गादी उभी केली तर आणखी चांगलं. फोमच्या काळ्या चौकटी त्यानंतर.

आवाज मागून का येतो?

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही नव्या माणसाची पहिली तक्रार. लॅपटॉप आवाज लहान लहान घासांमध्ये घेतो, त्या घासाला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. जाऊन परत यायचा वेळ याहून जास्त. गाताना बफर लहान ठेवा, मिक्सिंगच्या वेळी मोठा करा. लहान केल्यावर कटकट आवाज येऊ लागला तर लॅपटॉप दमला असं समजा. तोवर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण वापरा, त्यात आवाज लॅपटॉपपर्यंत न जाताच कानात येतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा प्रोग्राम) टाकायला विसरू नका. मॅकवर सहसा तशी गरज पडत नाही.

सॉफ्टवेअर

रेकॉर्डिंग कोणत्या सॉफ्टवेअरवर करायचं, यावर लोक फार वेळ घालवतात. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, पहिलं वर्ष त्यावर आरामात निघतं. विंडोजवर आम्ही रीपर सुचवतो. ६० दिवस वापरून बघायला मिळतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. पूर्वी ज्यावर गाणी ऐकायचो ते विनॅम्प बनवणाऱ्याचंच हे काम, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. नुसतं वाचन किंवा कीर्तन एका ट्रॅकवर घ्यायचं असेल तर ऑडॅसिटी पुरे. स्कार्लेटसोबत एबलटन लाइव्ह लाइट मिळतं, तेही बघा. पण एकच निवडा. क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवलेली चोरीची प्रत, टाकून देण्याची विनंती कृपया करू नका. आम्ही टाकत नाही, आणि दुसरीकडून टाकून आणलेले लॅपटॉप आमच्याकडेच दुरुस्तीला येतात.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, व्हिडिओला तेच जुळतं. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते. तासभराचं भजन दोन माईकवर घेतलं तर एक जीबी धरून चाला.

येताना

आपला लॅपटॉप सोबत आणा, त्याला यूएसबीचं कोणतं तोंड आहे ते बघून केबल देता येते. चार्जरही आणा. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येतो का, ते इथेच कळेल. घरी तसा आला तर आधी अर्थिंग तपासून घ्या. वाद्य आणलं तर उत्तम. दुपारी दोन ते चार शेजारची दुकानं बंद असतात, वाजवून बघायला तीच वेळ बरी. कूलर आम्ही बंद करतो, घामाची तयारी ठेवून या.