मोटर किती वेळाने पडते?

मार्च उजाडला की बेळगाव-खानापूरच्या शिवारांत एक तक्रार हमखास ऐकू येते: बोअरची मोटर चालू केली, बांधावर पोचेपर्यंत पुन्हा पडली, म्हणजे आपोआप बंद झाली. त्यावरचा ठरलेला इलाज म्हणजे ओव्हरलोड रिलेची (जास्त प्रवाह झाला की मोटर तोडणाऱ्या उपकरणाची) मर्यादा फिरवून वाढवणे. मोटर जाळून रिवाइंडिंगवाल्याची सोय करायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही! त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: मोटर किती वेळाने पडते आणि त्या वेळी प्रवाह दाखवणारा अँपिअरचा काटा कुठे असतो.

काही सेकंदांतच पडत असेल तर बहुधा विजेच्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेलेला असतो. टीसीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्यूज उडाला तरी पुरे. सिंगल फेज प्रिव्हेंटर हे ओळखून मोटर तोडतो. तो नसेल तर चालू मोटर उरलेल्या दोन तारांवर फिरत राहते, त्यांतला प्रवाह सुमारे 1.73 पट होतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ तिप्पट वाढते.

दहा-पंधरा मिनिटांनी पडते आणि काटा वर असतो, तेव्हा काम ओव्हरलोड रिलेचं. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकते आणि स्टार्टर सोडवते. पट्टी निवायच्या आत बटण दाबून उपयोग नाही. थ्री फेज करंट आला की वीज येताच मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्टार्टरमुळे सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि लाइनच्या शेवटच्या बोअरला 415 ऐवजी 350 व्होल्टच मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, इथे 29 टक्के. तेवढंच पाणी उपसायला ती जास्त प्रवाह ओढते. व्होल्टेज ठीक असूनही काटा वर असेल तर पंपात वाळू अडकली असेल किंवा बेअरिंग गेलं असेल.

काटा खाली येऊन पडते, ते प्रकरण वेगळं. बोअरचं पाणी संपलेलं असतं. काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, त्यामुळे बोअर सावकाश भरते. कोरड्या पंपाला भार नसतो, म्हणून प्रवाह घटतो आणि ओव्हरलोड रिलेला पत्ताच लागत नाही. इथे मोटर पाडतो तो घटलेला प्रवाह ओळखणारा ड्राय रन प्रिव्हेंटर. तो हवाच, कारण बुडालेल्या मोटरीला थंड ठेवणारंही तेच पाणी.

अशा बोअरवर पाइपवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून, उपसा कमी करून बघावा. मोटरवर ताण येईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते, पण या पंपांत उपसा घटला की सहसा प्रवाहही घटतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद मात्र करू नये. कोंडलेलं पाणी पंपातच घुसळून तापतं.