घरी पुस्तकं किती?

मुलाच्या शिकण्यावर शाळेपेक्षा घराची छाप मोठी असते, हे अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने १९६६ मध्ये ६ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवरून मांडलं. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण घर मोजायची रीत पडली ती पडलीच. १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी 'पिसा' २००० मध्ये सुरू झाली. तिच्यात आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि घरातल्या वस्तू यांवरून कुटुंबाची स्थिती ठरवतात. एक प्रश्न असतो, घरी पुस्तकं किती? मूल मोजत थोडंच बसणार! म्हणून सोबत सूचना असते: फळीच्या एका मीटरवर साधारण ४० पुस्तकं मावतात, मासिकं, वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं धरू नका.

तंत्रज्ञानाबद्दल मात्र आधी पुष्कळ पाहण्यांत एवढंच विचारायचे, संगणक आहे की नाही. १९९० च्या दशकात रुळलेली 'डिजिटल दरी'ही तीच: यंत्र असणारे एकीकडे, नसणारे दुसरीकडे. या प्रश्नाची धार लवकर जाते. सगळेच 'आहे' म्हणू लागले की कुणाचा फरक कळत नाही. आणि एकाच यंत्रावर तीन भावंडं पाळीने बसत असली तरी उत्तर 'आहे'च. समाजशास्त्रज्ञ एस्टर हारगिताई यांनी २००२ मध्ये 'दुसऱ्या पातळीची दरी' दाखवली ती याच्या पुढची: यंत्र समोर असूनही हवी ती माहिती शोधता येणं-न येणं.

२००९ मध्ये पिसाने १९ देश-प्रदेशांत पडद्यावरच्या वाचनाची वेगळी चाचणी घेतली. मूल कोणत्या पानावर गेलं, याची नोंद संगणकच ठेवत होता. कामाची पानं गाठणाऱ्यांना गुण जास्त मिळाले. म्हणजे उतारा समजण्याआधी तो सापडावा लागतो. छापील चाचणीत ही अडचण नव्हतीच. घरच्या संगणकवापराचा गुणांशी संबंध दिसला, शाळेतल्या वापराचा तितकासा नाही.

पिसाच्या २०१८ च्या फेरीपर्यंत विकसित देशांतली मुलं आठवड्याला सरासरी ३५ तास ऑनलाइन होती. २०१२ मध्ये २१ तास. तरीही फसव्या ईमेलमधल्या लिंकवर क्लिक करणं सुमारे ४० टक्क्यांना योग्य वाटलं.

त्याच फेरीत कागदावर जास्त वाचणारी मुलं सरस ठरली. यावरून पडद्याला दोष देण्याची घाई नको. ज्या घरात कागदी पुस्तक हाताशी असतं, तिथे बहुधा ती मीटरभर फळीही असते.